धुतलेली गिरणी

बायडाबाई माणूस लई गुणाची, पण पाहुणा येणार म्हटलं की तिच्या अंगात येतं. हे ऐकीव नाही सांगत. जुन्नर-मढ जीप मीच चालवायचो आणि त्या दिवशी पाहुणीला वर मीच घेऊन गेलो होतो.

मढच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या बायकांच्या बचत गटाला पुण्याच्या एका संस्थेनं पिठाची गिरणी दिली होती. चालवायची बायडाबाई. तीन वर्षं झाली, कुणी विचारायला आलं नाही. आणि २००३ साली एकदम पत्र! गिरणीचा समाजाला फायदा किती, ते मोजायला हर्षाली मॅडम येतील. फायदा दिसला नाही तर यंत्र दुसऱ्या गावाला जाईल.

बायडाबाईला त्या पत्रात एकच दिसलं, तिची धाकटी नूतन. पोरगी दहावीला होती. गिरणीच्या आधी नाचणी दळायची म्हणजे एक तर डोक्यावर बोचकं घेऊन मढला उतरा, नाहीतर पहाटे उठून जातं ओढा. त्या जात्यापायी थोरलीची शाळा सातवीतच सुटली होती. "यंत्र गेलं तर हिचं बी तेच व्हईल, भाऊ," असं म्हणून ती माझ्यासमोर रडली. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि गिरणी साफ करायला घेतली. तिथंच घोळ झाला.

मॅडमना घेऊन पोचलो तर गिरणी लखलखीत! भिंतींना चुना, मोटारीला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. पीठ औषधालासुद्धा नाही. दळणाला कुणी नाही, कारण सगळ्या बायका मॅडमसाठी कालवण रांधत होत्या.

मॅडमनी कागद काढला. "रोज किती जणी येतात?"

"आज कुणी न्हाई," बायडाबाई म्हणाली.

"आणि काल?"

"काल बी बंद व्हती. तुमी येणार म्हणून दगडसुद्धा धुतलं."

मी कपाळावर हात मारला. अहो, गिरणीचे दगड कुणी पाण्यानं धुतं का? ओल्या दगडात दळलं की पिठाचा लगदा होतो. आता ते वाळेपर्यंत गिरणी गपगार! मॅडमनी 'वापर' लिहिलं होतं त्यापुढं शून्य काढलं. मग विचारलं, "गिरणीमुळे वेळ किती वाचतो?" चुलीपासनं उठून आलेली गटातली प्रयागबाई म्हणाली, "आमच्याकडं घड्याळ न्हाई, ताई." तिथंही शून्य.

बायडाबाईचं तोंड एवढंसं झालं. पण पाहुणीला उपाशी कशी धाडायची? कालवण तयार होतं, भाकरीला मात्र अख्ख्या वाडीत पसाभर पीठ नव्हतं. तिनं लग्नातल्या हळदीपुरतं ठेवलेलं जातं कोपऱ्यातून ओढलं आणि म्हणाली, "बसा की समोर, ताई. दोघींनी ओढू."

मॅडम हौसेनं बसल्या. दहा फेऱ्या हसत झाल्या. मग हसणं थांबलं, ओढणी कमरेला गेली, कपाळावरनं घाम गळायला लागला.

"झालं ना?"

"हे आपल्या दोघीपुरतं झालं. डायवर भाऊ ऱ्हायलं की."

मी म्हटलं, मला भूक नाही. साफ खोटं! पोटात कावळे ओरडत होते.

दळण संपलं तेव्हा मॅडमच्या घड्याळात जवळजवळ तास गेला होता आणि तळव्यावर दोन टपोरे फोड आले होते. "रोज एवढं करायचात?"

"घरात सात माणसं. एवढ्यात काय व्हतंय?" बायडाबाईनं आपला तळवा पुढं केला. गिरणी येऊन तीन वर्षं झाली होती, तरी घट्टे तसेच होते. मॅडम त्यांवरनं बोट फिरवत राहिल्या. मी बाहेर जाऊन उगाच टायर बघत बसलो.

जेवणं उरकली तोवर नूतन शाळेतून आली. मॅडमनी आधी तिचा हात बघितला. तळवा मऊ, बोटं शाईनं निळी. मॅडमनी कागद पुढं ओढला, पण फोडांमुळं पेन काही धरवेना. तेव्हा त्या सांगत गेल्या आणि दोन्ही शून्यं खोडून नूतननंच वळणदार अक्षरात लिहिलं, 'वापर: रोज, अख्खी वाडी. वाचलेला वेळ: रोज दोन तास. त्या वेळात मुलगी शाळेत जाते.'

गिरणी वाडीतच राहिली. दगड बायडाबाईनं पुन्हा कधी धुतले नाहीत. आता कुणी मोजायला येणार म्हटलं, की ती आधी जातं पुसून ठेवते.