बिडाची चौकट

बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याचा उत्तरेश्वर ट्रॅक्टर दुरुस्त करतो, पण बोलतो पुण्याबद्दल. अकरा वर्षं तो तिथं पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात होता. आजही गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना तो पियानोच्या गोष्टी सांगत बसतो.

यंदा आष्टीचे पुढारी धोंडीराम अण्णा यांनी नात तेजश्रीसाठी जुना, पलंगाएवढा पियानो आणला. तो जिन्यातून चढेना, तेव्हा कार्यकर्त्यांनी तारा सोडल्या, आतली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जड चौकट उचकटली आणि सगळं सुटंसुटं वर नेलं. चौकटीखालच्या पातळ चकत्या कचरा म्हणून झाडूनही टाकल्या. मग कुणाला तरी उत्तरेश्वर आठवला.

"बोल्टच तर हायेत," अण्णा म्हणाले. "आवळून टाक. रविवारी पाहुणे यायलेत."

उत्तरेश्वर नुसता हसला. घरी येऊन त्यानं बायकोकडं, सुरेखाकडं, शिलाईचा दोरा मागितला.

"पियानोला टाके घालायलात का?"

"माप घ्यायचंय. सुरेखा, पुण्याला मी चौकटीचा एक कोपराच धरायचो गं. माप मिस्त्री घ्यायचे."

"मंग अण्णाला सांगितलं का तसं?"

"येडी हायस का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तुळजाबाईंचा, म्हणजे अण्णांच्या पत्नीचा, झोपाळा काढला आणि त्याच कड्यांना चेनपुल्ली लावून चौकट उचलली. तुळजाबाई खुर्चीवर बसून त्याच्याकडं डोळे वटारून बघत होत्या.

चौकट खाली ठेवायची, तार जाईल तिथून दोरा ताणायचा, पुन्हा उचलायची. चौकट उंच बसली तर तार घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवर, दाबत नाही आणि आवाज मरतो. खोल बसली तर खालची, आवाज घुमवणारी पातळ फळी दबून जाते. प्रत्येक वेळी तो चौकटीखाली नव्यानं घातलेली एखादी लाकडी चकती घासायचा, नाहीतर बदलायचा.

कंटाळून हनुमान नावाच्या कार्यकर्त्यानं पाना उचलला आणि एक बोल्ट जोरात आवळायला घेतला.

"सोड बे!" उत्तरेश्वर ओरडला. "बीड हाय हे. वाकत न्हाई, तडकतं."

"म्हंजे आपल्या जिल्ह्यावानीच," हनुमान म्हणाला. सगळे हसले, अण्णा सोडून.

रविवारी चौकट लोंबकळतच होती. पाहुण्यांनी तिच्याकडं बघत भजी खाल्ली. "ही कसली मशीन?" कुणी विचारलं, तर अण्णा म्हणाले, "काम चालू हाय."

मंगळवारी, नवव्या खेपेला, दोरा घोडीवर अलगद टेकून पुढं गेला. उत्तरेश्वरनं तो तीन ठिकाणी पुन्हा ताणून पाहिला, मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले. मधले आधाराचे बोल्ट चौकटीला नुसते भिडवले. मग त्यानं नव्या तारा चढवल्या, पण त्या सारख्या ढिल्या पडायच्या. त्या सुरात ठरायला आणखी महिना गेला.

शेवटी तेजश्री वाजवायला बसली. तिनं डावीकडची पट्टी दाबली आणि खोली घुमली. अण्णांनी खिशातला फोन बंद केला. तुळजाबाई म्हणाल्या, "आणिक वाजव की गं."

उत्तरेश्वर दारात उभा होता. घाई असल्यागत त्यानं हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली होती, पण तिचं वाजवून होईपर्यंत तो हलला नाही.