जाऊन राह्यलो होतो

इंगळेबाबू भर वैशाखातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालत आणि मनगटाशी गुंडी लावत. अमडापूरचं ऊन ज्यांनी सोसलेलं नाही, त्यांना यात नवल वाटायचं नाही. गावातली बाकीची पुरुषमंडळी दुपारी नुसत्या बंडीत लोळत पडलेली असायची आणि हा साठीपुढचा वाळका माणूस आपल्याच ओसरीवर कचेरीत बसल्यासारखा ताठ. घाम मनगटापर्यंत ओघळायचा. ते तो रुमालानं टिपायचे, पण गुंडी सोडायचे नाहीत. मी पहिल्याच भेटीत हे पाहिलं. विचारलं मात्र नाही, कारण माझ्या प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.

ती प्रश्नावली विद्यापीठानं छापून पाठवली होती. महाराष्ट्र राज्य होऊन चारपाच वर्षं झाली होती आणि आमच्या विद्यापीठाला आपला इतिहास लिहावासा वाटू लागला होता. जुने प्राध्यापक, जुने अधिकारी, कारकून हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून ऐकून घ्यावं, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती. फक्त बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलाखतींचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी पुण्याहून येऊन चिखलीला इतिहास शिकवू लागलो त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. देऊळगाव राजाला एक निवृत्त प्राध्यापक होते. ते तासभर बालाजीच्या यात्रेविषयी बोलले आणि विद्यापीठाविषयी अवाक्षर नाही. दुसरं नाव सखाराम इंगळे, निवृत्त अभिलेखपाल, मुक्काम अमडापूर. अभिलेखपाल म्हणजे विद्यापीठाची सगळी जुनी रजिस्टरं ज्याच्या ताब्यात असतात तो. त्यांना अख्खं गाव इंगळेबाबू म्हणायचं.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची एक लहान तसबीर आणि फळीवर ओळीनं डबे. डब्यांवर कागद चिकटवलेले: क्रमांक एक, दोन, तीन. तिखट कुठल्या डब्यात आणि साखर कुठल्यात, हे एका वहीत लिहिलेलं. मला हसू आलं.

"हासू नका सर," ते म्हणाले. "नंबर नसला की वस्तू असून नसल्यासारखी. एकतीस वर्षं हेच केलं."

चार नंबरमधून साखर आणि पाचमधून पत्ती काढून त्यांनी कोरा चहा केला. कप दोनच होते. दुसरा त्यांनी धुवून, पुसून, पुन्हा धुतला. बरेच दिवस वापरात नसावा.

मग मी प्रश्न विचारू लागलो, आणि चांगलाच वैतागलो. कारण हा माणूस विचारलं तेवढंच सांगे. "आपण नोकरीस केव्हा लागलात?" तर फक्त साल. "त्या वेळचे कुलसचिव कसे होते?" तर, "उंच होते." मी म्हटलं, "अहो, जरा सविस्तर सांगा की!" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "सर, इचारलं तेवढंच सांगावं. जादा सांगतलं की नवी फाइल उघडते." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दुपारी मी ते निदान पाच वेळा ऐकलं.

अकरावा प्रश्न आगीबद्दल होता. विद्यापीठाच्या अभिलेखागाराला एकदा मोठी आग लागली होती आणि पदवीधरांची रजिस्टरं थोडक्यात वाचली होती. संपूर्ण इतिहासात रंगवून सांगण्यासारखा हा एकच प्रसंग. मी सावरून बसलो. "आग लागली तेव्हा आपण कुठं होतात?"

इंगळेबाबूंनी डावं मनगट उजव्या हातानं धरलं. म्हणाले, "मी गावाले जाऊन राह्यलो होतो."

मी लिहिलं, 'त्या वेळी गावी जाऊन राहिले होते.' प्रश्नाखाली बारीक अक्षरात सूचना होती: प्रत्यक्ष साक्षीदार नसल्यास पुढील प्रश्नाकडे वळावे. मी वळलो. बारावा प्रश्न वाचनालयाच्या वेळांविषयी होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि वाचनालयाच्या वेळा सांगितल्या.

निघताना ते बस थांब्यापर्यंत आले. "पुस्तकात आपलं नाव येईन नं, सर?"

"येणार तर!"

"मंग झालं. मांगं कोणी नाही माह्या. एका जागी नाव असलं की बरं." मग बस सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "येत जा सर. कामाबगरही येत जा."

मी गेलो नाही. चिखलीहून अमडापूर ते किती लांब? पण नाही गेलो. त्यांची कार्डं यायची. 'पुस्तकाचे काम कोठवर आले, कळावे.' वर डाव्या कोपऱ्यात कचेरीतल्यासारखा जावक क्रमांक. पहिल्या कार्डावर एक. दोन महिन्यांनी दुसरं आलं, त्यावर दोन. मग तीन, मग चार. स्टाफरूममध्ये आम्ही त्या क्रमांकांची थट्टा केली. मधला एकही आकडा गाळलेला नाही, म्हणजे या माणसानं वर्षभरात माझ्याखेरीज कोणालाच पत्र लिहिलेलं नाही, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही.

सव्वा वर्षानं पुस्तक आलं. जाडजूड, कापडी बांधणीचं. एक प्रत इंगळेबाबूंसाठी होती. ती घेऊन मी एका रविवारी अमडापूरला गेलो. ते ओसरीवरच होते, बाह्यांच्या गुंड्या तशाच लावलेल्या. पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कापडावरून बोट फिरवलं, आत जाऊन हात धुवून आले आणि पुन्हा घेतलं.

"कोणतं पान?"

मी पान काढून दिलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "तुमीच वाचा सर. मोठ्यानं वाचा."

मी वाचू लागलो. आवाजात थोडी ऐटही होती, कारण मजकूर माझा होता; शिपायांचं वाक्य तेवढं विद्यापीठाच्या जुन्या अहवालातून घेतलेलं. 'अभिलेखागारास आग लागली त्या समयी अभिलेखपाल श्री. सखाराम इंगळे हे गावी जाऊन राहिले होते. शिपायांनी प्रसंगावधान राखून रजिस्टरे बाहेर काढली.'

वाचता वाचता माझाच आवाज माझ्या कानाला टोचला. सव्वा वर्ष मी वऱ्हाडात होतो. सव्वा वर्ष मुलं मला सांगत होती, 'सर, मी येऊन राह्यलो,' आणि ती तेव्हा रस्त्यात असायची. घरमालकीण म्हणायची, 'भाकर करून राह्यली,' आणि भाकर तव्यावर असायची. जाऊन राह्यलो होतो. म्हणजे जात होतो. वाटेत होतो! माणूस वाटेत होता, आणि मी पुणेरी शहाण्यानं त्याला गावी नेऊन बसवला. वर त्याचं शुद्ध मराठीही करून टाकलं!

माझा चेहरा पडला असणार. इंगळेबाबू समोरच्या रस्त्याकडे पाहत होते.

"बाबूजी," मी म्हटलं, "तुम्ही गावी पोचला नव्हता. जात होता."

"हाव."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं मला?"

"तुमी बारावा सवाल इचारला नं."

मला माझीच इतकी चीड आली की ते पुस्तक उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं. मी हातातलं पुस्तक मिटलं. "आता विचारतो. कुठं होता तुम्ही? सगळं सांगा. जादा सांगा."

इंगळेबाबूंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्यांनी डाव्या मनगटाची गुंडी काढली. बाही कोपरापर्यंत दुमडली. हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला होता. कातडी जुन्या जखमेची, चकचकीत, ओढलेली.

"गाडीत बसलो होतो," ते म्हणाले. "खामगावचं टिकीट होतं. भावाची तार आली होती. बायको लई बिमार, लवकर ये. तार हातात पडली अन् तसाच निंघालो. सुट्टीवर जाताना चाबी साहेबापाशी जमा कराची असते. रेकॉर्डची चाबी. मी इसरलो. एकतीस वर्षांत एकदाच इसरलो. गाडी सुटाले पाच मिन्टं होते, त गणपत शिपाई फलाटावर पळत आला. बाबू, रेकॉर्डले आग लागली, चाबी द्या!"

"मग?"

"खिडकीतून चाबी देल्ली असती त झालं असतं. हात बाहेर काढलाही होता. पण गणपतले वाचता येत नव्हतं, सर. कोणतं रजिस्टर आधी काढाचं हे त्याले कसं समजन? पदवीचे रजिस्टर आतल्या खोलीत, तिसऱ्या अलमारीत. लोकायपाशी कागद असते, पण रजिस्टरात नाव नसलं त तो कागद खोटा. किती पोरायचे नावं होते त्याच्यात! आपल्या समाजातले पयलेवयले शिकलेले पोरं होते. मी उतरलो."

त्यांनी बाही हळूहळू खाली घेतली.

"सगळे रजिस्टरं निंघाले. एकही जळालं नाही. साहेबानं इचारलं, चाबी काऊन जमा केली नाही? मी म्हटलं, इसरलो. थ्यानं तेवढंच इचारलं. मंग दवाखान्यात दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गावाले पोचलो त..." त्यांनी मनगटाची गुंडी लावली. "सगळं आटपलं होतं. भाऊ म्हणे, लई वाट पाह्यली. घडीघडी इचारे, कुठवर आले? भाऊ तिले सांगे, येऊन राह्यले. येऊन राह्यले."

रस्त्यानं एक बैलगाडी गेली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मी म्हटलं, "बाबूजी, मी उद्याच विद्यापीठाला लिहितो. शुद्धिपत्र छापायला लावतो. रजिस्टरं तुम्ही वाचवलीत, हे लोकांना कळलंच पाहिजे."

"नका लेहू."

"अहो, असं कसं? ही चूक आहे! तुमचं नाव..."

"नाव आलं नं? झालं." त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ते पान पुन्हा उघडलं. दिसत नव्हतं, तरी त्या ओळीवर अंदाजानं बोट ठेवलं. बोट एक ओळ खाली पडलं होतं. "आणखी एकडाव वाचा सर. काय लेहलं? गावाले..."

"गावी जाऊन राहिले होते."

"हाव." ते म्हणाले, "राहू द्या तसंच. एका जागी तरी मी तिच्यापाशी पोचलो."

त्यानंतर मी कामाशिवायही जात राहिलो. चार नंबरची साखर, पाच नंबरची पत्ती. दर वेळी ते पान वाचायचं आणि मग चहा. आग, चाबी, गाडी, यातलं ते पुन्हा काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दोन वर्षांनी थंडीत ते गेले. कळवायला कोणी नव्हतं, म्हणून मला चार दिवसांनी कळलं. घराला कुलूप होतं. पुस्तक आत होतं आणि कुलूप लावणाऱ्या शेजाऱ्यानं सांगितलं की त्याच्यावरही नंबर घातलेला होता. एक.

पुढे विद्यापीठानं पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. मुलाखत घेणाऱ्यांना पत्रं आली: आपल्या मजकुरात काही चूक आढळली असल्यास पृष्ठ क्रमांकासह कळवावी. मी इतिहासाचा माणूस. खरं काय ते मला माहीत होतं, आणि ते दडवणं हे माझ्या धंद्यातलं पाप. आठ दिवस पत्र टेबलावर पडून होतं. दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा फाडलं. रजिस्टरं कोणी वाचवली, हे आज इथं सांगतो आहे तेही कोणी न विचारता. इंगळेबाबू असते तर म्हणाले असते, नवी फाइल उघडली सर तुमी.

पण त्या दिवशी विद्यापीठानं विचारलं होतं तेवढंच मी सांगितलं. डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक घातला आणि खाली लिहिलं: 'मजकूर बरोबर आहे. इंगळे गावी पोचले होते.'