बनुबाईंचं कार्डाचं व्रत

भिंगारच्या बनुबाई देवीसाठी वर्ष वर्ष थांबत, पण दूधवाल्यासाठी पाच मिनिटं थांबत नसत. मोहटादेवीला नवस बोलला की त्या निवांत असायच्या. दुधाला उशीर झाला, की मात्र गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा. "देवीला सगळ्या मुलखाचा कारभार हाय," त्या म्हणत. "तुला काय रं, दोन म्हशी आन एक सायकल!"

उन्हाळा आला, की बनुबाई हातानं फिरवायच्या मशीनवर गल्लीला शेवया करून देत. खांदा पार निकामी व्हायला आला होता. विजेवरचं मशीन घ्यायचं त्यांच्या मनात बसलं होतं. पण कर्जाला जामीन लागतो, आणि त्यांचे यजमान गोरक्षनाथ सही द्यायचे नाहीत. ते लष्कराच्या स्टोअरमध्ये कामाला होते.

"मोजल्याबिगर मी सुईवरबी सही करत न्हाई," ते म्हणाले.

"मी काय सुई हाय का?"

"सुई परवडली. तिला नंबर असतो."

बनुबाई चिडल्या. दुसऱ्या दिवशी पदर खोचून एकट्याच कॅम्पातल्या बँकेत गेल्या. ९७ साल होतं. बँकेनं नुकतीच क्रेडिट कार्डं काढली होती आणि ती खपवा म्हणून मॅनेजर देशमाने साहेबांच्या मागे वरून तगादा होता. भिंगारमध्ये कार्ड घ्यायला एक माणूस तयार नव्हता. बनुबाईंच्या नावावर वडिलांनी दिलेली ठेव होती. ती लेकीच्या, रश्मीच्या लग्नाची. मोडायची नव्हती. साहेब म्हणाले, "मोडू नका. त्या ठेवीवर तुमच्या नावानं कार्ड देतो. वर्षभर नीट वापरा. तुमची स्वतःची पत तयार झाली, की मशीनच्या कर्जाचा अर्ज मी वर पाठवतो. यजमानांची सही नको."

"रोज काय करायचं त्याचं?"

"रोज काही नाही. महिन्यातून एकदा थोडी खरेदी. बिल येईल, ते पूर्ण भरायचं. आणि धीर धरायचा."

"वर्ज्य काय?"

साहेब जरा अडखळले. "मर्यादेबाहेर खर्च वर्ज्य. कार्डावर रोख काढणं वर्ज्य."

"चुकलं तर?"

"पुन्हा पहिल्यापासून."

"आन मधीच फळ मागायचं न्हाई."

"अजिबात नाही!" साहेबांना आनंद झाला. इतकं समजूतदार गिऱ्हाईक त्यांना मिळालंच नव्हतं.

बनुबाईंना तर सगळंच उलगडलं. हे व्रत होतं. साहेबांना ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

रजिस्टर पोस्टानं कार्ड आलं. बनुबाईंनी ते पितळी ताटलीत घालून देवीच्या टाकाशेजारी ठेवलं, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि महिन्याचा पहिला शुक्रवार धरला. अडचण एकच होती. हे कार्ड घेणार कोण? किराणावाला म्हणाला, "हे काय, रेशनचं का?" भांडीवाल्यानं उलटसुलट करून परत दिलं. शेवटी कळलं, की नगरच्या कापड बाजारात सहादेवशेठचं बुटांचं मोठं दुकान आहे, तिथं कार्ड घासायचं यंत्र आहे.

बनुबाईंना बूट नको होते. घरात बूट घालणारे एक गोरक्षनाथ, त्यांना सरकारी मिळायचे. त्यांनी दुकानात नजर फिरवली आणि सगळ्यात थोडी खरेदी कुठली ते पाहून म्हणाल्या, "बुटाची नाडी द्या एक जोड."

सहादेवशेठनं कार्ड पाहिलं आणि त्याला घाम फुटला. यंत्र आणल्यापासून ते कुणी वापरलं नव्हतं. कार्ड खाली, कार्बनचा कागद वर, दांडा सरकवला, खर्रकन आवाज. मग परवानगीसाठी पुण्याला एसटीडी लावावा लागला. फोन लागेना. लागला तर पलीकडचा माणूस विचारी, "नाडी? फक्त नाडी?" त्या फोनच्या पैशात टोपलीभर नाड्या आल्या असत्या.

पुढच्या महिन्यात बनुबाई पायरीवर दिसल्या तेव्हा सहादेवशेठनं हात जोडले. "मावशी, नाडी तशीच न्या. माझ्याकडनं भेट."

"फुकट? फुकटानं पत व्हती का? लावा फोन."

"मग निदान बूट तरी घ्या हो!"

"मोह वर्ज्य हाय," बनुबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

महिन्यामागून महिने गेले. घरात नाड्या साठल्या, पॉलिशच्या डब्या साठल्या. संक्रांतीला गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या, तेव्हा बनुबाईंनी तिळगुळासोबत प्रत्येकीला वाण म्हणून काळ्या पॉलिशची डबी लुटली. शेजारच्या कडूबाईंनी डबी उघडून वास घेतला.

"बनुबाई, हे काजळ हाय का?"

"व्रताचं वाण हाय. नावं ठेवू नका."

"न्हाई, म्या कशाला ठेवू? आमच्या ह्यांच्या पायात सपाता हायेत, त्यास्नी लावीन."

पण व्रतातली बनुबाईंची खरी निष्ठा दिसायची ती भरण्यात. दुकानातून निघाल्या, की त्या रिक्षा करून थेट बँकेत येत आणि नाडीचे पैसे काउंटरवर ठेवत. घरी देणं घेऊन जायचं म्हणजे विटाळच. कारकून सांगायचा, "बाई, बिल अजून निघालंच नाही." बनुबाई म्हणायच्या, "निघू दे सावकाश. मी मोकळी झाले." वरून चार रुपये जास्तच ठेवायच्या, उणं पडू नये म्हणून. नंतर नंतर तर जाताना आधी बँकेत पैसे भरत आणि मग नाडी आणायला जात.

मधे एकदा देशमाने साहेबांनी त्यांना थांबवलं. "अहो, तुमचं खातं उलटं झालंय. बँकच तुमचं देणं लागते."

"लागू द्या. माझा तुमच्यावर इश्वास हाय," बनुबाई म्हणाल्या. साहेबांच्या बदलीची चर्चा होती, वरून तगादा होता. ते फाइलीत डोकं घालून बसले.

वर्ष भरलं. चैत्र तोंडावर आला होता. मशीन आत्ता आलं तर हंगाम हाती लागणार होता, नाहीतर खांद्यानंच रेटायचं. बनुबाईंनी रीतसर उद्यापन घातलं. पुरणावरणाचा स्वयंपाक केला आणि मेहूण म्हणून देशमाने साहेबांना जोडीनं बोलावलं. पाटाभोवती रांगोळी, उदबत्ती, समोर देवी, देवीपुढं कार्ड. साहेबांच्या पानात पोळीवर तूप पडलं. त्यांनी हात पुढं केला.

"थांबा," बनुबाई म्हणाल्या. "फळ सांगा आन जेवा. मशीन कवा येतंय?"

साहेबांचा हात तसाच राहिला. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बनुबाई, अर्ज वर पाठवला होता," ते हळूच म्हणाले. "परत आला. ते म्हणतात, या बाईंनी वर्षभरात एकदाही उधार घेतलेलं नाही. कायम आधीच पैसे भरलेत. मग फेडलं काय, ते आम्ही पाहायचं कसं?"

गोरक्षनाथ तेवढे खुसकन हसले.

"म्हंजी मी लई शुद्ध वागले म्हणून नापास?"

"आधी अंगावर देणं पाहिजे. बिल येऊ द्यायचं, घरात राहू द्यायचं, आणि मग मुदतीत भरायचं. व्रत तुम्ही केलंत. पण..." साहेबांनी देवीपुढच्या कार्डाकडे पाहिलं. "उपासाच्या आधीच पारणं केलंत."

हे मात्र बनुबाईंना लख्ख कळलं. चूक आपलीच. आणि चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, हेही आधीच ठरलेलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि साहेबांना आणखी एक पोळी वाढली.

दुसरं वर्ष फार कठीण गेलं. नाडी आणायची आणि पैसे न भरता घरी यायचं! बिल यायचं, ते फळीवर ठेवायचं. बनुबाईंना घास उतरेना. येता-जाता त्या फळीकडं बघत, जसं काही तिथं पाहुणा उपाशी बसलाय. मुदतीला अजून अवकाश असायचा.

"जा की भरून ये," गोरक्षनाथ कंटाळून म्हणाले. "का जिवाला घोर लावून घेतीस?"

"न्हाई. देणं अंगावर घेऊन बसायचं हाय. बसू द्या मला."

गोरक्षनाथांनी लग्नापासून बायकोला इतकं गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या वर्षात दूधवाल्याला एकदाही बोलणी बसली नाहीत. तो बिचारा घाबरून वेळेवर यायला लागला.

वर्ष भरलं, अर्ज पुन्हा वर गेला आणि कर्ज मंजूर झालं ते ऐन भाद्रपदात. बाहेर धो धो पाऊस, आणि टेम्पोतून ताडपत्रीखाली शेवयांचं मशीन दारात उतरलं. कागदावर सही एकट्या बनुबाईंची.

कडूबाई छत्री घेऊन बघायला आल्या. "अगं बाई, आता ह्या पावसात शेवया वाळवणार कुठं? चैत्राला अजून लई अवकाश हाय!"

"चैत्र येईल की. म्या थांबाया शिकलेय," बनुबाई म्हणाल्या. मशीनवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि बटण दाबून पाहिल्याशिवाय मात्र त्यांना राहवलं नाही. चार किलो रवा भसाभस संपला. शेवया घरभर दोऱ्यांवर टांगल्या, वर पंखा सोडला.

गोरक्षनाथ ड्युटीवरून आले, ते उंबऱ्यातच वाकले आणि शेवयांखालून रांगत रांगत पलंगापर्यंत गेले.

"केस नका लागू देऊ," आतून बनुबाई ओरडल्या, "चैत्राच्या गिऱ्हाइकाचा माल हाय!"