औषधाच्या परीक्षेला मी बसले

तोंड आतून इतकं सोललेलं होतं की त्या सकाळचा चहा मी पार गार करून, मान तिरकी धरून, एका गालाने प्यायले होते. आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारल्यावर मी म्हणाले, "छान!" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला शहाणपणाची हौस. माझ्यासोबत औषध घेणाऱ्या रोह्याच्या बाईलाही मी तेच बोलायला शिकवलं. ही माझी चूक. तिला नुसती चूक म्हणणं म्हणजे स्वतःचे लाड करणं आहे, पण तूर्त तोच शब्द चालवून घ्या.

तेव्हा मी पन्नाशीची होते. पेणला घरी पोह्यांचे पापड लाटून विकायची. संधिवाताने बोटं अशी आखडली की लाटणं राहिलं बाजूला, कुकरचं झाकणसुद्धा लागेना. आमच्या डॉक्टरांची सगळी औषधं झाली. एक दिवस ते म्हणाले, "पनवेलच्या पुढे एका इस्पितळात संधिवातावरचं नवीन औषध रोग्यांवर तपासून बघताहेत. तुमचं नाव सुचवू?"

"अहो, मग इतके दिवस गप्प का होतात?"

"मलाच परवा कळलं. एक मित्र बोलता बोलता म्हणाला."

याचा राग मला अजून आहे. पेणच्या बाजारात चांगली कोळंबी आली तर तासाभरात गावभर होतं, आणि माणसाचे हात सुटतील अशा औषधाची बातमी डॉक्टरांच्या गप्पांत फिरत राहते! ज्याच्या डॉक्टरला मित्र जास्त त्याने बरं व्हावं, बाकीच्यांनी तेल चोळत बसावं.

आमचे हे म्हणाले, "तुला काय उंदीर समजलेत काय ते?"

"उंदीर तर उंदीर. गणपती बसतो त्याच्यावर."

पेणात राहून यावर कोण काय बोलणार?

त्या इस्पितळात रक्त काढलं, छातीचा फोटो काढला, आजी कशाने गेली इथपर्यंत चौकशी केली. मग समोर बसवून सांगितलं, की काही जणांना खरं औषध मिळेल आणि काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. काही त्रास झाला तर लगेच सांगायचं. नको वाटलं तर कधीही सोडायचं. सगळं मराठीत, नीट सांगितलं, उगाच खोटं कशाला बोलू? मी मान डोलावत होते आणि डोक्यात एकच, घेतील ना मला? निवड झाली तेव्हा मी आळीत पेढे वाटले. पेढे! जशी काय पोरगी बोर्डात आली.

रोह्याची बाई तिथेच भेटली. माझ्याच वयाची, शेती करणारी. हात पुढे करून म्हणाली, "बघ गो, खेकड्याची नांगी झाली हाय. विळा धरवत नाय." येताना आम्ही एकाच गाडीने यायचो. मी पेणला उतरायचे, ती पुढे रोह्याला.

दोघींच्याही मुठी मिटायला लागल्या. आणि माझं तोंड आलं. तपासायच्या दिवशी तिथली नोंदी लिहिणारी मुलगी मान खाली घालूनच विचारायची, "त्रास काही नाही ना?" हा काय प्रश्न झाला? उत्तर आधीच शिजवून ताटात वाढलेलं! मीही ते मुकाट्याने गिळायचे. एक तर नाव कापतील ही भीती. दुसरं म्हणजे रीत. जेवायला बोलावणाऱ्याला आमटी खारट झाली म्हणतं का कोणी? डॉक्टर एवढे अगत्याने औषध देतात, त्यांच्या तोंडावर त्याला नावं कशी ठेवायची? परीक्षा औषधाची होती, आणि ही बावळट स्वतः पास व्हायला बसली होती!

एकदा गाडीत ती म्हणाली, "गो, मला लय मळमळतंय. लघवी पन पिवळी जर्द होते. सांगायला होवा होता काय मगाशी?"

"खुळी की काय! नाव कापतील. मूठ मिटते ना? मग गप बस."

"व्हय बाय, तू शिकलेली."

सातवी नापास शिकलेली.

पुढच्या तपासणीला ती आली नाही. मी घरी परतले तर तिच्या मुलाचा फोन. आईला कावीळ झाली. कोणाला न सांगता ती काविळीवर मुळी देणाऱ्याकडे जाऊन आली होती. आता रोह्याच्या दवाखान्यात होती आणि पोरालाही ओळखत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी इस्पितळातल्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले. माझं तोंड, तिची पिवळी लघवी, माझा उपदेश, सगळं ओकले. ते ताडकन उठले. तिला इकडे आणवलं, तिला कोणत्या गोळ्या होत्या ती गुप्त नोंद उघडून बघायला लावली. खरं औषधच होतं. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "तुम्ही लोक काही सांगतच नाही हो!"

इतका वेळ मी स्वतःवर संतापलेले होते. त्या वाक्याने उरलेला संताप त्यांच्या वाट्याला गेला. "तुम्ही लोक? विचारलंत कधी धड? तोंड उघडा म्हणालात कधी? सुजलेली बोटं तेवढी मोजलीत, आणि त्रास नाही ना, त्रास नाही ना! शेळीला तरी दात बघून घेतात!" बाहेरच्या बाकावरचे रोगी आत डोकावले. त्यांनाही म्हटलं, "बघता काय? सांगा, कोणाला काय होतंय ते!" दोघे जण खरंच पुढे आले.

ती वाचली. यकृत सावरायला फार दिवस लागले. पण ते नुकसान गोळीने केलं की मुळीने, हे आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तिने जीव पणाला लावला आणि त्यातून औषधाबद्दल एवढंही धड कळलं नाही. हे वाटोळं मी केलं.

तिला भेटायला रोह्याला गेले. ओटीवर बसली होती, गोळ्या बंद झाल्याने हात पुन्हा नांगीसारखे. माझ्या गोळ्या मध्यंतरी थांबवल्या होत्या, आता पुन्हा घेणार का म्हणून इस्पितळातले विचारत होते. मी म्हटलं, "मीही सोडते. तुझ्या हाताची ही गत करून मी कोणत्या तोंडाने गोळ्या गिळू?"

तिने नांगीनेच मला ढोसलं. मग म्हणाली, "सोडू नको गो, माझ्यावर उपकार नको करू. जा, आन जे होतंय ते बोंबलून सांग. आपन काय तिथं पोरीची सोयरीक जमवायला गेलोय, खोड लपवायला?"