नेमबाजाची चाचणी

ऑफिसात त्याला सगळे नेमबाज म्हणायचे, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. कुठली जाहिरात कुणाच्या फोनवर टाकली की माणूस गळाला लागतो, हे तो छातीठोकपणे सांगायचा. घरात मात्र त्याची मात्रा चालत नसे. आई आणि बायको यांच्यात विस्तव जात नव्हता. "आईंचं काहीतरी बघा," असं बायको रोज म्हणायची आणि हा रोज मान डोलवायचा.

त्यात वृद्धाश्रमाचं काम आलं. जाहिरातीत एक हसरी म्हातारी आणि खाली ओळ: 'मुलांच्या संसारात अडगळ कशाला व्हायचं?' ओळ नेमबाजाचीच. ती लोकांच्या फोनवर कुठल्या जाहिरात-नेटवर्कमार्फत पसरवायची, एवढंच ठरायचं होतं. एक महागडं, शोधणाऱ्यालाच दाखवणारं. दुसरं व्हिडिओंच्या मध्ये घुसणारं. तिसरं स्वस्त आणि चिवट. बातम्या, राशिभविष्य असल्या पानांच्या कोपऱ्यात बसायचं आणि एकदा कुणाची नजर थबकली की त्याची पाठ सोडायचं नाही. नेमबाजाची भिस्त या तिसऱ्यावर. साहेब म्हणाले, "ज्याच्याकडून पहिलं खरं गिऱ्हाईक येईल, त्यालाच सगळं काम. तुझं ठरलं, तर विभागप्रमुख तू."

ऑफिसची रीत अशी, की नवं नेटवर्क आधी घरच्यांच्या फोनवर चालवून बघायचं आणि मग ते फोन चाचणीतून काढायचे. नेमबाजाने स्वतःचा काढला, बायकोचा काढला. आईचा काढायला विसरला. विसरला असं तो म्हणतो. मला ते पटत नाही.

कोण जिंकलं ते कळावं म्हणून प्रत्येक नेटवर्कच्या जाहिरातीत वेगळा फोन नंबर दिला होता, आणि तिन्ही फोन नेमबाजाच्या टेबलावर होते. एका दुपारी तिसऱ्याचा फोन वाजला. साहेब लगबगीने खुर्चीमागे येऊन उभे राहिले. नेमबाजाने स्पीकर लावला.

"अहो, एक खोली मिळेल का?" पलीकडून आईने विचारलं.

त्याने आवाज लगेच ओळखला. घरच्यांकडून आलेला फोन चाचणीत धरत नसत. 'आई' म्हटलं की नेटवर्कही गेलं आणि बढतीही गेली. आईला कमी ऐकू येतं हे त्याला आठवलं, आणि बरं वाटलं.

"मिळेल ना, आजी. कुणासाठी?"

"माझ्यासाठीच. मुलगा गुणी आहे हो माझा. तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही त्याची, म्हणून माझ्या फोनात तुमची जाहिरात लावून ठेवतो. बातम्या उघडल्या तरी तीच, भविष्य उघडलं तरी तीच. हेच काम आहे ना त्याचं. किती दिवस न कळल्यासारखं करू? खोलीला खिडकी आहे का?"

"आहे."

"मग झालं. त्याला काही कळवू नका. उगाच मनाला लावून घेईल."

फोन ठेवताच साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरोब्बर नेम!"

निघण्यापूर्वी नेमबाजाने आईचा फोन चाचणीतून काढला. एवढं केलं की मिटलं, असं त्या गाढवाला वाटलं. घरी आला, तर आईची बॅग भरून दाराशी ठेवलेली. बायको कधी नव्हे ती आईशी गोड बोलत होती.

"आज संध्याकाळी ती जाहिरात दिसली नाही रे," आई म्हणाली. "मी फोन केल्याचं तुला पोचलं वाटतं?"

अजूनही खरं सांगता आलं असतं. बायको बघत होती.

"पोचलं," नेमबाज म्हणाला, आणि जड आहे का ते बघायला त्याने बॅग उचलली.