जवसाच्या तेलात जाम झालेली गाडी

मंडळी, आज सकाळी बाबांची जुनी रिमोटची गाडी उघडली. चाकांचे धक्के झेलणारे शॉकअप दगडासारखे जाम!

"मीच तं जवसाचं तेल टाकलो होतो," बाबा म्हणाले. "घरी तेच होतं न वं!"

ते वाळून पार डिंक झालं होतं. खरवडून काढलं, नवं सिलिकॉन तेल भरलं, हवेचे बुडबुडे निघेपर्यंत मी थांबले.

मग शेतात गाडी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून उडवली. वाटलं, फुटली आता! पण ती अलगद दबली आणि न उसळता पुढे पळाली.

बाबांनी गाडी उचलून तळहातावर दाबली. ती सावकाश वर आली.

"अवं, हे तं श्वास घेऊन राहिली!"

तेव्हापासून त्यांनी ती खाली ठेवलेली नाही. थेंबभर तेलात इतका जीव असतो, ठाऊक होतं तुम्हाला?