पंपाचा जोर

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मला घरापुढचा ओटा धुवायला पंप घ्यायची हुक्की आली. बादलीत उभा करून दांडा खालीवर केला की नळीतून पाण्याची धार सुटायची, असले जुने पितळी पंप भवानी पेठेत एक दुकानदार विकायचा. दुकानामागेच त्याचं घर. स्वस्तात घ्यायचं पण फसायचं नाही, या माजात मी म्हणालो, "जोर बघितल्याशिवाय घेणार नाही." गिऱ्हाईक जाईल म्हणून तो बिचारा घरातून बादल्या भरून आणत राहिला. मी तीन पंप आलटून पालटून रस्त्यावर चालवले. एकाची धार समोरच्या भिंतीवर पोचली तेव्हा कुठं माझं समाधान झालं.

तेवढ्यात त्याची बायको रिकामी कळशी घेऊन बाहेर आली. नळ आता एकदम परवा येणार होता. मला म्हणाली, "पंप लई चांगला हाय की. पर आमचं प्यायचं पानी कुटं गेलं?"

पाणी माझ्या चपलांखालून गटारीकडे चाललं होतं. निदान गप्प तरी बसावं. पण मी निलाजरा, दुकानदाराकडे वळून म्हणालो, "काहीतरी कमी करा की."